षड्ज उसना, पंचम आपला

वाद्य सुरात लावायला शिकणे हे एक काम वाटते. प्रत्यक्षात ती दोन कामे आहेत आणि दोहोंचा स्वभाव वेगळा आहे. पहिले काम मूळ सूर ठरवण्याचे: षड्ज कुठे धरायचा आणि त्यासाठी तार किती चढवायची. दुसरे काम उरलेल्या तारा त्या षड्जाशी मिळवण्याचे. पहिल्याचे उत्तर बाहेरून आणता येते, पेटीच्या पट्टीवरून, बासरीवरून किंवा मोबाइलवरून. दुसऱ्याचे उत्तर त्या दोन तारांच्या मध्येच असते आणि ज्याने त्याने ते कानाने शोधायचे असते. आज युकुलेली शिकायला बसलेले मूल वाद्याच्या माथ्यावर एक चिमटा बसवते, पडद्यावरचा काटा मधोमध आला की तार लागली असे समजते आणि पुढच्या तारेकडे वळते. त्यात दोन्ही कामे यंत्राने एकाच फटक्यात उरकलेली असतात, त्यामुळे ती दोन होती हेच त्या मुलाला कळत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पट्ट्यात मात्र या दोन कामांचा सांधा कुठे आहे यावर शंभर वर्षांपूर्वी मोठे प्रयोग झाले, पुस्तके लिहिली गेली, विलायतेत वाद्य घडवून आणले गेले आणि भर परिषदेत वादही झाला. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते, असे माझे म्हणणे आहे. षड्ज यंत्राकडून उसना घ्यायला काहीच हरकत नाही, पण तारांचे आपसातले नाते यंत्रात कोंडायचा प्रयत्न दर वेळी फसला आहे, आणि तो कारागिरी कमी पडली म्हणून फसलेला नाही.

या इतिहासाचा नकाशा काढायचा तर रहिमतपूरपासून सुरुवात करणे सोयीचे. कोरेगाव तालुक्यातले हे गाव संगीताचे पीठ म्हणून कधी गाजले नाही. पण पुणे–मिरज लोहमार्गावर ते अशा जागी आहे की या गोष्टीतली सगळी ठाणी त्याच्या दोन्ही अंगांना येतात. वर कोरेगाव आणि सातारा. खाली कराड, सांगली आणि मिरज. औंध संस्थानात जायचे तर रेल्वेने रहिमतपूरला उतरायचे आणि तिथून पुढची वाट धरायची. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या दरबारी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, गवई होते, आणि ज्या संगीतोत्सवासाठी आजही रसिक औंधला जातात तो त्यांनी १९४० मध्ये सुरू केला. त्याही मागे गेलो तर रहिमतपुरातली मशीद आणि रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखली जाणारी कबर हा मुलूख विजापूरच्या अमलाखाली होता याची साक्ष देतात. त्या विजापूरच्या गादीवर १५८० ते १६२७ या काळात बसलेला दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतः संगीतकार होता. त्याने आपल्या तंबुरीला ‘मोतीखान’ असे नाव दिले होते. तारेच्या वाद्याला माणसासारखे नाव देणाऱ्या सुलतानाच्या राज्यातच पुढे तंबोऱ्याचे सगळ्यात मोठे गाव उभे राहिले, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण या भागात गाणे-बजावणे रेल्वेबरोबर आले नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आधी गावातल्या तारा पाहू. गोंधळ्याच्या आणि तमाशातल्या तुणतुण्याला एकच तार. खुंटी पिळून ती गाणाऱ्याच्या गळ्याला बेतायची, की झाले. भजनातल्या एकतारीचेही तसेच. इथे पहिलेच काम आहे, दुसरे नाही. दुसरी तारच नसल्यामुळे मिळवायचे कोणाशी हा प्रश्न उठत नाही. वारकऱ्यांच्या खांद्यावरची वीणा मात्र एक पायरी पुढे आहे. तिला बहुधा चार तारा असतात आणि अखंड हरिनाम सप्ताहात ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहते, जमिनीवर टेकत नाही. पहारा बदलतो, हात बदलतो, पण जोडीच्या तारा एकमेकींत मिसळलेल्याच राहायला हव्यात. ज्याला स्वरलिपी ठाऊक नाही, ज्याने श्रुती हा शब्दही शास्त्रार्थाने ऐकलेला नाही, असा वीणेकरीही उतरलेली तार ओळखतो आणि खुंटी पिळून ती जागेवर आणतो. कानाने तारा मिळवणे हे उच्चवर्णीय बैठकीचे गुपित होते, असे म्हणणाऱ्यांनी हा पुरावा विचारात घ्यायला हवा. विद्या खेडोपाडी होती; तिला शास्त्र म्हणायची पद्धत तेवढी नव्हती.

मिरजेत या विद्येचा धंदा झाला. तिथल्या तंतुवाद्यांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेला जातो आणि पहिले नाव फरीदसाहेब शिकलगारांचे घेतले जाते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. १८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या, तलवारींची मागणी आटली, आणि धातू, लाकूड, हस्तिदंत यांवर बसलेला हात वाद्यांकडे वळला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवई येत होते. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवणे सुरू झाले. भोपळा पंढरपूर–मंगळवेढा भागातून यायचा, त्याला तूनच्या लाकडाची दांडी आणि तबली जोडली जायची. पुढे ‘सतारमेकर’ हेच घराण्याचे नाव झाले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांकडे गवई जातो तो केवळ नवे वाद्य घ्यायला नव्हे, जवारी काढून घ्यायलाही जातो. घोडीचा सपाट दिसणारा माथा खरे तर किंचित उताराचा असतो; तार त्या उतारावर घासत कापते आणि तिच्यातून सुरांचा झोत निघतो. कानस फिरवत, तार छेडत, पुन्हा कानस फिरवत हा उतार आणायचा असतो. ज्याला तो उतार कानाने कळत नाही त्याला मोजमापाने जवारी काढता येत नाही. सुरात लावण्याची अर्धी विद्या अशी मिरजेच्या दुकानात होती, गवयाच्या घरात नव्हती. दोन्ही मिळून ती पुरी होत असे.

गवयाच्या घरातली अर्धी विद्या अशी. तंबोऱ्याला चार तारा. मधल्या दोन जोडीच्या, षड्जाच्या. शेवटची पितळी खर्जाची, एक सप्तक खाली. पहिली मंद्र पंचमाची. रागात पंचम नसला, मालकंससारखा, तर तीच तार मध्यमावर आणायची. मारवा किंवा पुरिया गायचा तर निषादावर. शिष्याने आधी जोड लावायची, दोन तारा एकच वाटेपर्यंत. मग खर्ज, मग पंचम. खुंटीने ढोबळ सूर आला की घोडीखालचे मणके सरकवून बारीक फरक काढायचा. शेवटी जवारीचा दोरा घोडीच्या माथ्यावर केसभर पुढे-मागे करायचा, की तार ‘बोलू’ लागते. यात गुरू मोजके शब्द वापरतो: चढली, उतरली, अजून, बस. शिष्य कित्येक महिने गाण्याआधी हेच करतो, मैफलीत मागे बसून तंबोरा छेडतो आणि गाण्याच्या मध्येच सरकलेली तार आवाज न करता जागेवर आणायला शिकतो. ही शिक्षणपद्धत सैल, वेळखाऊ आणि गुरूच्या मर्जीवर टांगलेली होती हे खरे. पण ती नेमके काय शिकवत होती हे पाहिले पाहिजे. ती षड्जाची उंची शिकवत नव्हती. ती उंची गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे रोज बदलू शकते. ती शिकवत होती दोन तारांमधले भांडण ऐकायला.

‘भांडण’ हा अलंकार नाही, ते मोजून दाखवता येते. समजा, गवयाचा षड्ज काळी एक आहे. पेटीच्या हिशेबाने तो सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांचा. मंद्र पंचम या षड्जाच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे १०३.९५ कंपने. पण पेटीचा किंवा चिमट्याचा पंचम १०३.८३ वर बसतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. फरक नगण्य दिसतो. पण प्रत्येक तारेतून मूळ सुराच्या पटीतले उपस्वरही उमटतात, आणि जोडीच्या तारेचा तिसरा उपस्वर व पंचमाच्या तारेचा चौथा उपस्वर एकाच जागी यायला हवेत. यंत्राच्या पंचमाने ते साधारण अर्ध्या कंपनाने चुकतात आणि दर दोन सेकंदांनी एक मंद हेलकावा ऐकू येतो. लागलेल्या तंबोऱ्यात हा हेलकावा नसतो. खर्जाच्या तारेत तर याहून मोठी गोष्ट दडलेली आहे. तिच्या पाचव्या उपस्वरातून गंधार उमटतो, कोणी न छेडता. याच षड्जावर तो ३४६.५ च्या आसपास येतो. पेटीचा गंधार ३४९.२ वर. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला जवळजवळ तीन ठोके पडतात. तंबोऱ्याशेजारी पेटीचा गंधार दाबून धरला की बैठकीतल्या जुन्या जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते, ती या तीन ठोक्यांमुळे. त्यांना आकडे माहीत नसतील, पण ते ऐकत असतात ते हेच.

तरीही ही पेटी या मुलखात आली आणि इथलीच झाली. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेली नाटके १८८० नंतर किर्लोस्कर मंडळीच्या संगीत नाटकाला जाऊन मिळाली. नाट्यगृहात बैठकीपेक्षा मोठा आणि भरीव आवाज लागत होता, आणि ऑर्गन-पेटीने ती गरज भागवली. सांगलीतच १८८१ मध्ये जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीवादनाला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी शिरली, कारण ती पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही आणि पावसाळ्यात तारेसारखी रुसत नाही. तिने एक असे काम केले की ज्याचे श्रेय तिला क्वचितच मिळते: षड्जाला पत्ता दिला. त्याआधी गवई आपला सूर ‘उंच’ किंवा ‘खाली’ एवढेच सांगू शके. पेटी आल्यावर ‘काळी एक’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ अशी भाषा रूढ झाली. पेटीला नावे ठेवणारे गवईसुद्धा तंबोरा लावायला सांगताना पट्टीचे नाव पेटीवरूनच सांगतात. यात विसंगती नाही. पहिले काम त्यांनी यंत्राकडून करून घेतले आणि दुसरे स्वतःकडे ठेवले. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा या दोन कामांत फरक करण्याची तसदी कोणी घेतली नाही. आणि १९७१ नंतर ती सैल झाली तेव्हाही चर्चा पेटी देशी की विदेशी याभोवतीच बरीच फिरली.

तो फरक करण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न त्याआधी तीस वर्षे याच लोहमार्गावरच्या दोन गावांत झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती (सप्तकातली सूक्ष्म स्वरस्थाने) यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची रीत सरळ होती. उत्तम गवयाने लावलेला स्वर तारेवर मिळवायचा, तारेची लांबी मोजायची आणि गुणोत्तर काढायचे. ३६ इंचांची तार षड्ज देत असेल तर २७ इंचांवर मध्यम, २४ वर पंचम आणि २८.८ इंचांवर गंधार, असा हा हिशेब. मोजायला स्वर लागतो आणि स्वराला गळा लागतो. तो गळा त्यांना मिळाला किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँचा, ज्यांनी पुढे मिरजेला घर केले आणि ज्यांची कबर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स या कामात ओढले गेले. १९११ मध्ये साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली, देवलांच्या मोजमापांवर बेतलेली श्रुती-हार्मोनियम लंडनमध्ये घडवून घेण्यात आली आणि १९१३ मध्ये क्लेमेंट्सचे भारतीय संगीतावरचे पुस्तक निघाले. एक वसाहती न्यायाधीश, एक ब्राह्मण पेन्शनर आणि एक मुसलमान गवई, तिघे मिळून गंधाराची जागा शोधत आहेत, हे दृश्य त्या काळाच्या महाराष्ट्रात विरळाच म्हणावे लागेल. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. पेटीचा गंधार खोटा आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि पेटी जाणार नाही हेही ओळखले होते. म्हणून खरी पेटी करावी असे त्यांना वाटले.

१९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी मांडण्यात आली आणि जमलेल्या गवयांनी व शास्त्रकारांनी ती मान्य केली नाही. परिषदेचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे या गणिती श्रुतींबद्दल पहिल्यापासून साशंक होते. या पराभवाचे स्पष्टीकरण सहसा व्यक्तींच्या चढाओढीने केले जाते, आणि चढाओढ होतीच. पण ती नसती तरी पेटी टिकली नसती असे मला वाटते. कारण तिने दुसरे काम पहिल्यासारखे केले होते. पट्टीवर एकदा बसवलेला धैवत षड्जाच्या ५/३ पट असेल किंवा २७/१६ पट; दोहोंत एका पूर्ण स्वराच्या सुमारे नवव्या हिश्शाचा फरक पडतो. गाताना यांतला कोणता हवा हे रागावर, चलनावर आणि आधीच्या स्वरावर ठरते. पेटीवर जास्त पट्ट्या देऊन दोन्ही ठेवता येतील. पण कोणता कधी दाबायचा हे वाजवणाऱ्याच्या कानालाच ठरवावे लागेल, म्हणजे प्रश्न होता तिथेच राहिला. १९६३ मध्ये नाझीर जयराजभोय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून कलावंतांच्या स्वरांची मोजणी केली, तेव्हा गंधाराची जागा कलावंतागणिक आणि एकाच सादरीकरणातही बरीच हलते असे दिसले. देवलांची गुणोत्तरे चुकीची होती असा याचा अर्थ नाही. ती विशिष्ट क्षणांची अचूक नोंद होती. चूक झाली ती क्षणाला कायमची पट्टी करण्यात.

यावर पहिला आक्षेप असा येईल: गाण्यातला गंधार हलतो हे मान्य, पण तंबोऱ्यात तर षड्ज आणि पंचमच लावायचे असतात, आणि ते हलत नाहीत, मग तिथे यंत्र का चालू नये? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत वर येऊन गेले. यंत्राचा पंचम फार चुकीचा नसतो; दोन सेकंदांत एक हेलकावा सहन करणारे पुष्कळ आहेत. शिवाय शुद्ध पंचम देणारे यंत्र बनवायलाही काही अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे. हलणाऱ्या गंधाराला टेकायला न हलणारी भूमी लागते आणि ती भूमी गाणाऱ्याच्या कानात आधी तयार व्हावी लागते. ज्याने पंचमाचा हेलकावा थांबेपर्यंत मणका सरकवलेला नाही, त्याला खर्जातून निघणारा गंधार ऐकू येण्याची शक्यता कमी. तंबोरा लावणे ही गाण्याआधीची तयारी नसून गाण्याचा पहिला धडा आहे, तो यासाठी. आणि तारेतून निघते ते सगळे सूत्रात बसत नाही, याला खुद्द भौतिकशास्त्राचा दाखला आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्याचा स्थिरबिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा नियम; तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे तो मोडतो आणि सगळे उपस्वर ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. मिरजेच्या शिकलगाराने कानशीने जे साधले होते त्याचे कारण रामन यांनी सांगितले. आधी कान, मग कारण, असा तो क्रम होता.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. कानाला एवढे महत्त्व देणे म्हणजे विज्ञानाला नकार आणि गूढतेला आमंत्रण, असे कोणी म्हणेल. पण या परंपरेत मोजमापाला कधी मज्जाव नव्हता. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगितल्या. देवलांचा इंचांचा हिशेब त्याच वाटेवरचा. त्याहून महत्त्वाचा भरताच्या नाट्यशास्त्रातला दोन वीणांचा प्रयोग. दोन्ही वीणा एकसारख्या लावायच्या, एक अचल ठेवायची आणि दुसरीचे स्वर टप्प्याटप्प्याने उतरवत पहिलीशी ताडून पाहायचे. हा प्रयोग पूर्ण शास्त्रीय आहे: तो कोणालाही पुन्हा करता येतो, तुलनेची वीणा समोर असते आणि निष्कर्ष तपासता येतो. पण त्यात मोजपट्टी नाही. उतरवायचे किती, हे प्रयोग करणाऱ्याच्या कानानेच ठरते. देवलांच्या प्रयोगातही अब्दुल करीम खाँचा गळा काढून घेतला तर उरते ती नुसती तार आणि फूटपट्टी. कान आणि गणित यांचे भांडण लावून देणाऱ्यांनी या दोन्ही उदाहरणांत कानाने गणिताला सामग्री पुरवली आहे, हे पाहावे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो न्यायाचा आहे. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे तंबोरा लावायला ज्यांना मिळाले ते मूठभर. मुलींना, दलित मुलांना, लहान गावातल्या शेतकऱ्याच्या पोराला ते दार बंदच होते. चांगला मिरजेचा तंबोरा महाग, नेआणीला नाजूक, आणि रहिमतपूरसारख्या गावात तो लावून देणारा जवळ असेलच असे नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, आणि आता तो मोबाइलमध्ये फुकट मिळतो. हजारो शिकणाऱ्यांना षड्ज-पंचमाची सोबत मिळाली. हा लाभ नाकारणे म्हणजे ज्यांना दार कधीच बंद नव्हते त्यांनी इतरांना उपदेश करणे होय. युकुलेलीचेही तसेच. १८७९ मध्ये मदीराहून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या वाद्यातून ती घडली, स्वस्त आणि हलकी म्हणून जगभर पसरली. तिच्या चार तारा सा, ग, ध आणि प या नात्याने लावतात, आणि चौथी तार सहसा जाड नसून वरच्या सुराची असते. छेडताना आधी येणारी तार सगळ्यात खालची नसणे हे तंबोऱ्यातही आहेच. पण युकुलेलीला पडदे आहेत आणि ते बारा समान भागांवर ठोकलेले आहेत. तिथे मोकळ्या तारांचा गंधार शुद्ध केला तर पुढच्या पडद्यांवरचे स्वरमेळ बिघडतात. म्हणून तिच्या बाबतीत चिमट्याचा सूर हाच योग्य सूर. यंत्राला सरसकट दोष देता येत नाही तो यासाठी: वाद्याची रचनाच ज्या विभागणीवर उभी आहे, तिथे यंत्र त्या रचनेशी प्रामाणिक असते.

मात्र या न्यायाच्या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष सहसा अर्ध्यावर सोडला जातो. दार उघडले हे चांगले झाले. पण आत काय आहे तेही द्यायला हवे. नव्या शिकणाऱ्याला फक्त पहिले काम मिळाले आणि दुसरे यंत्राच्या पोटात राहिले, तर जुन्या घराण्यांनी जे गुरूच्या मर्जीवर ठेवले होते ते आपण कारखान्याच्या मर्जीवर ठेवले, एवढाच बदल होईल. डॉ. विद्याधर ओक यांच्या बावीस श्रुतींच्या हार्मोनियमपर्यंत देवलांची वाट आजही चालू आहे, आणि तिच्यातून ऐकणाऱ्याला दोन धैवतांतला फरक शेजारी-शेजारी ऐकायला मिळतो. शिकवण्याचे साधन म्हणून हे मोलाचे आहे, पण ते कानाला पर्याय नाही, कानाला दिलेला व्यायाम आहे. १९१६ मध्ये हे दोन हेतू वेगळे करून सांगितले गेले असते, तर साताऱ्याची पेटी वाद्य म्हणून हरली तरी शाळेतले उपकरण म्हणून जिंकली असती.

म्हणून शिकवण्याचा क्रम बदलावा एवढेच या इतिहासाचे मागणे आहे, आणि ते महाग नाही. विद्यार्थ्याने षड्ज मोबाइलवरून घ्यावा. मग यंत्र बंद करून दुसरी तार पहिलीशी, हेलकावा थांबेपर्यंत, कानाने मिळवावी. आणि शेवटी यंत्र पुन्हा चालू करून आपण कुठे पोचलो ते पाहावे. युकुलेलीवरही हे करता येते: सा आणि प आधी कानाने मिळवायचे, मग चिमट्याशी ताडून दोहोंतला किंचित फरक कानानेच ओळखायचा. त्या फरकात समान विभागणीचा सगळा इतिहास मूल एका बैठकीत ऐकते. संगीत शिक्षकाच्या घरी मिरजेचा तंबोरा नसला तरी चालेल, दोन तारांची साधी वीणा असली तरी पुरे. अब्दुल करीम खाँच्या गळ्यावाचून देवलांच्या फूटपट्टीला अर्थ नव्हता. मोबाइलच्या काट्यालाही त्याच्यासमोर बसलेल्या कानावाचून तो येणार नाही.